पहिली गोळी घेतल्यावर मन बदललं तर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझी रेंज गेली ती गेलीच, म्हणून लिहूनच पाठवतेय. ओपीडी सुरू व्हायच्या आत वाच.

गर्भपाताच्या पहिल्या गोळीचा परिणाम प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, देऊन उलटवता येतो का असं तू विचारलं होतंस, त्यावर पुढे येते. आधी तुझ्या पेशंटचं. सात आठवडे झालेत, काल सकाळी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची गोळी घेतलीय, किटमधल्या बाकीच्या चार मिसोप्रोस्टॉलना हात लावलेला नाही. अंगावरून जात नाही, पोटात दुखत नाही आणि आता तिला बाळ ठेवायचंय. तर त्या चार गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे तिला आजच स्पष्ट सांग. कोर्स अर्धवट सोडला तर औषध अंगात राहून अपाय होईल, या भीतीने बायका मन नसतानाही उरलेल्या गोळ्या घेऊन टाकतात. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा म्हणून आपणच त्यांना वर्षानुवर्षं दटावलेलं असतं, त्यांचं तरी काय चुकलं!

मिसो घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. तिने पिशवीला कळा येतात, आणि त्यातूनही गर्भ राहिलाच तर बाळाच्या हातापायांत किंवा चेहऱ्याच्या नसांत दोष राहण्याचा धोका असतो. ब्राझीलमध्ये बायका ही गोळी चोरून मिळवायच्या, तिथल्या बाळांवरून हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. एकट्या मिफेने व्यंग येतं असं आजवर दिसलेलं नाही. पण मिफे घेऊन पुढे झालेली बाळंतपणं जगात मुळातच थोडी आहेत, तेव्हा तू छातीठोक काही सांगू नकोस. गर्भ टिकला तर अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवायची नाही, एवढं मात्र पक्कं सांग.

आता तू विचारलेल्या प्रोजेस्टेरॉनकडे येते. कल्पना ऐकायला अगदी पटते. मिफे प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीतल्या त्याच्या जागेवर, दुसऱ्याच्या रिझर्व्हेशनवर बसणाऱ्या प्रवाशासारखी ठाण मांडून बसते, मग प्रोजेस्टेरॉनचाच लोंढा आणला तर तिला उठवता येईल, असा हिशेब. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज डेल्गाडो या डॉक्टरांनी २०१२ साली अशा सहा बायकांची हकीकत छापली. त्यांतल्या चौघींचा गर्भ टिकला. २०१८ मध्ये त्यांनी मोठा आकडा दिला: ५४७ बायकांपैकी ४८ टक्के जणींचं बाळंतपण झालं, आणि काही विशिष्ट पद्धतींनी औषध दिलं तिथे ६४ ते ६८ टक्के. तू वाचलेला आकडा हाच असणार.

पण सायली, प्रोजेस्टेरॉन न देता किती जणींचा गर्भ टिकला असता? तुलनेला दुसरा गटच ठेवला नव्हता. ज्यांचा गर्भ आधीच गेला होता त्या बायका मोजणीतून गळाल्या, हा आक्षेपही आहेच. आणि दुसरी गोळी मुळात का आली ते आठव. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये मिफे एकटीच देऊन पाहिली, तेव्हा बऱ्याच जणींचं काम पुरं होईना, म्हणून प्रोस्टाग्लँडिनची, म्हणजे मिसोसारख्या कळा आणणाऱ्या औषधाची, जोड द्यावी लागली. म्हणजे पहिल्या गोळीनंतर काहीच न करता गर्भ टिकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा जुन्या अभ्यासांचा २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा हे प्रमाण कुठे ८ टक्के तर कुठे ४६ टक्के निघालं. आठवडे आणि डोस वेगवेगळे, म्हणून एवढी तफावत. आता तो ४८ चा आकडा याच्या शेजारी ठेवून बघ.

तुलना करून बघायचा प्रयत्न एकदा झाला. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मिचेल क्रेनिन यांनी २०१९ मध्ये ४० जणी घ्यायचं ठरवलं होतं. या सगळ्या पुढे क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ, करून घेणारच होत्या. सगळ्यांना मिफे, मग निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन आणि निम्म्यांना नुसत्या प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या, कॅप्सूल. बारा जणी झाल्या आणि थांबवावं लागलं, कारण तिघींना एवढं अंगावरून गेलं की अँब्युलन्सने हलवावं लागलं. त्यातली एक प्रोजेस्टेरॉनवाली, दोघी प्लासिबोवाल्या. दोघींना तातडीने पिशवी साफ करावी लागली, एकीला रक्त चढवलं. शेवटपर्यंत राहिलेल्या दहा जणींमध्ये प्रोजेस्टेरॉनच्या पाचपैकी चौघींचा गर्भ चालू होता, दुसऱ्या गटात पाचपैकी दोघींचा. एवढ्याशा आकड्यांवरून ना या बाजूने काही म्हणता येतं ना त्या. तू मात्र यातून रक्तस्रावाचं घे. मिफे घेऊन मिसो न घेणं हा काही बिनधोक मधला रस्ता नव्हे.

अमेरिकेत यावरून जे राजकारण पेटलंय त्यात मी शिरत नाही. काही राज्यांत डॉक्टरने बाईला 'उलटवता येतं' असं सांगितलंच पाहिजे असा कायदा, तर कोलोरॅडोने २०२३ मध्ये त्या उपचारावरच बंदी घातली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं सरळ आहे: याला शास्त्रीय आधार नाही. मलाही तेच पटतं, आणि ते कुठल्या बाजूची म्हणून नाही. आपल्याकडे गर्भ टिकायचं इंजेक्शन, म्हणजे हेच प्रोजेस्टेरॉन, जरा ठिपका दिसला की दिलं जातं. त्यामुळे एखादी कॅप्सूल दिल्याने तिचं फार बिघडणार नाही हे मलाही कळतं. पण तू ती उलटा उपाय म्हणून दिलीस तर तिच्या डोक्यात काय बसेल? की डॉक्टरांकडे परतीचं औषध आहे. गर्भ गेला तर कॅप्सूल उशिरा घेतली म्हणून ती जन्मभर स्वतःला दोष देईल. राहिला तर गावातल्या चार जणींना सांगेल की पहिली गोळी घेऊन बघायला हरकत नाही.

मी असते तर सांगितलं असतं: 'गर्भ राहील की जाईल हे आज मला कळत नाही. दुसऱ्या गोळ्या घेऊ नकोस. तासाला दोन पॅड भिजले आणि असं सलग दोन तास चाललं, चक्कर आली, ताप आला, तर रात्र असो की पहाट, १०८ ला फोन कर. आठवड्याने सोनोग्राफी करू.' गर्भ पिशवीतच आहे ना, हे आधी कुणी पाहिलंय का तेही विचार. पाहिलं नसेल तर सोनोग्राफीला आठवडा थांबू नकोस, आजच तालुक्याला पाठव. हिमोग्लोबिन करून ठेव. तुमच्याकडच्या बायकांचं नऊच्या वर क्वचित असतं, असं तूच म्हणाली होतीस. आणि हे सगळं, वेळेसकट, केसपेपरवर लिही.

बाकी, गोळी तिने कुणाच्या सांगण्यावरून घेतली हे विचारलंस का? फोनवर तू ओझरतं म्हणालीस की त्या दवाखान्यात नवरा आणि सासू दोघंही बरोबर होते. गर्भपाताच्या कायद्यात १८ वर्षांवरच्या बाईची एकटीची संमती लागते, फॉर्म सी या संमतीपत्रावर तिचीच सही. नवऱ्याच्या सहीची कायद्याला गरज नाही, तरी आपल्याकडे सर्रास आधी त्यालाच विचारतात. मी पहिली गोळी कधीच घरी देत नाही. बरोबर आलेल्यांना चहाला पाठवते, दार लोटते, गोळी आणि पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवते आणि गप्प बसते. काही जणी लगेच उचलतात, त्यांचं ठरलेलं असतं. काही जणी ग्लास नुसता फिरवत राहतात. त्यांना मी सांगते, नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, पुढेही कायद्यात वाट आहे, चार दिवसांनी ये. कुणी परत येते, कुणी येत नाही. बहुतेकींना नंतर पस्तावा होत नाही, हे माझं बघणं आहे आणि अमेरिकेत पाच वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासातही तेच निघालं. पण तुझ्यासमोर बसलेली बाई बहुतेकींतली नाही, म्हणून तिला 'असं होत नसतं' असं म्हणू नकोस.

त्या चार गोळ्या तिच्या पदराला आहेत की घरी ठेवल्यात? तिची हरकत नसेल तर तुझ्याकडे मागून घे. सासू जबरदस्ती करेल अशी मला शंका आहे, आणि ती फोनवरच्या तुझ्या आवाजातही होती.

तिचं नाव मला सांगितलं नाहीस ते बरं केलंस, यापुढेही कुणाला सांगू नकोस. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ओळख फोडणाऱ्याला वर्षभराची कैद होऊ शकते. आशाताईंना घरी पाठवावं असं वाटलं तर आधी तिलाच विचार, आणि ती नको म्हणाली तर तुझा नंबर तिला दे. सोनोग्राफीत ठोके दिसोत न दिसोत, मला रिपोर्ट वाचून दाखव, मग लोहाच्या गोळ्यांचं आणि पुढच्या तपासण्यांचं बघू.

तुझी,
आई