नोटिशीच्या आधीचे काम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भाड्याच्या सरकारी घरांत उपद्रव करणाऱ्यांचा विषय निघाला की इंग्लंडचा दाखला दिला जातो: तिथे काउन्सिल (म्हणजे स्थानिक नगरपालिका) अशा भाडेकरूला सरळ बाहेर काढते, आपल्याकडेही तसेच व्हावे. ही समजूत अर्धवट आहे. कायदा कडक आहे हे खरे. पण प्रकरण उभे राहते किंवा कोसळते ते तक्रारीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

तक्रार आली की काउन्सिलने किंवा हाउसिंग असोसिएशनने (भाड्याने घरे देणाऱ्या ना-नफा संस्थेने) आधी तक्रारदाराला किती धोका आहे ते तपासायचे असते: धमकी दिली का, घरी एकटे असता का, आजारपण आहे का, पूर्वी असे घडले होते का. मग कोण, काय, कधीपर्यंत करणार हे लेखी द्यायचे. घोडे अडते ते इथेच. तक्रारदाराला नोंदवही दिली जाते, तो महिनोन्महिने लिहितो, अॅपवर आवाज ध्वनिमुद्रित करतो, आणि ते तपासायला कोणी फिरकत नाही. अधिकारी बदलला की त्याला सारे पहिल्यापासून सांगावे लागते. शिवाय नोंद कशी करायची हे कोणी सांगत नाही. ‘फार त्रास देतो’ हे न्यायालयात टिकत नाही, ‘रात्री १.४० ते ३.१०, दारावर लाथा, मुले जागी झाली’ हे टिकते.

बऱ्याच तक्रारी मुळात उपद्रवाच्या नसतातच. जुन्या घराचे तुकडे करून केलेल्या सदनिका, गालिचा काढून टाकलेली लाकडी जमीन, धाडकन आपटणारे सामाईक दार, रात्री फिरणारे वॉशिंग मशीन. यावर ताकीदपत्र पाठवले की दोन शेजारी कायमचे वैरी होतात. तिथे हवा असतो गालिचा, मशीनखाली रबरी चटई, दार हळू बंद करणारा नवा क्लोजर. तिथल्या हाउसिंग ओम्बड्समनने (घरमालक संस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाने) २०२२ च्या अहवालात हेच बजावले: घरगुती आवाज आणि उपद्रव यांची धोरणे वेगळी ठेवा.

खरा उपद्रव असेल तर ताकीद, मध्यस्थी, वर्तनाचा लेखी करार, आणि मग २०१४ च्या उपद्रवविरोधी कायद्याखालचा न्यायालयाचा मनाईहुकूम. तो मोडल्यास प्रौढाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घर अड्डाच झाले असेल तर पोलीस किंवा काउन्सिल न्यायालयाकडून ते तीन महिन्यांपर्यंत बंद करून घेऊ शकतात, मुदतवाढ धरून कमाल सहा. गंभीर गुन्ह्यात शिक्षा, मनाईहुकुमाचा भंग अशा ठरावीक बाबी सिद्ध झाल्या तर घराचा ताबा घरमालक संस्थेला देणे न्यायाधीशाला एरवी बंधनकारक ठरते. मात्र भाडेकरू मनोरुग्ण किंवा अपंग असेल, तर २०१० च्या समानता कायद्यामुळे हकालपट्टी प्रमाणशीर आहे हे दाखवावे लागते. ही तपासणी आधीच केली नसेल तर दावा ऐन सुनावणीत गडगडतो, आणि त्याची किंमत शेजाऱ्यांना भोगावी लागते.

आपण खरोखर उचलावी अशी तिथली तरतूद तक्रारदाराच्या हातातली आहे. सहा महिन्यांत तीन तक्रारी करूनही काही हलले नाही, तर तो फेरआढावा मागू शकतो. मग काउन्सिल, पोलीस, आरोग्यसेवा आणि घरमालक संस्था यांना प्रकरण एकत्र तपासावे लागते. संस्थेच्या ढिलाईबद्दलच्या औपचारिक तक्रारीलाही मुदत आहे: पोच पाच, पहिले उत्तर पोचेनंतर दहा कामकाजी दिवसांत. त्यानेही समाधान झाले नाही, तर दुसऱ्या टप्प्याचे उत्तर वीस कामकाजी दिवसांत, आणि पुढे ओम्बड्समन आहेच.

मुंबईतल्या संक्रमण शिबिरांत म्हाडा ही घरमालक आहे. तिथल्या रहिवाशांसाठी असे काही आणायचे असेल, तर नोंदवही वाचणारा नेमलेला अधिकारी, लेखी मुदत आणि फेरआढाव्याचा हक्क आधी आणावा.

आपला,
एक वाचक, पुणे