कुर्डुवाडीच्या फिटरकाकांना, आठ बाय दोनच्या प्लायवरून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. घरी येऊन आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता. इथे ती सोय नाही.

ज्यांना आपला उद्योग माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. माझ्या मागच्या खोलीत बार्शी लाइट रेल्वेचा, म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचा, एक बिननावाचा थांबा छोट्या मॉडेलमध्ये उभा राहिलाय. आठ बाय चारची प्लाय उभी चिरली आणि दोन फुटी पट्टीवर रूळ टाकले. प्रमाण १:८७, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. आठ फूट म्हणजे खऱ्यातले जेमतेम २१२ मीटर, त्यामुळे स्टेशन, यार्ड वगैरे थाट विसरायचा. एक फलाट, एक बाजूची लाइन, बाकी रान.

बार्शीच का, असं सगळे विचारतात. कारण अगदी रुक्ष आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधल्या अंतराला (गेजला) ८७ ने भागलं की १९.२६ मिलिमीटर येतात आणि तेवढ्या रुंदीचे तयार रूळ बाजारात मिळत नाहीत. लोक १६.५ मिलिमीटरवर भागवतात, पण मग गाडी रुळांच्या मानाने अंगाने सुटलेली दिसते. बार्शी लाइटचा गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे भागाकार ८.७६. आणि ९ मिलिमीटरचे रूळ १:१६० च्या छोट्या गाड्यांसाठी हवे तेवढे मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक कोण मोजतंय? आधी भागाकार जमला, प्रेम मागाहून बसलं.

वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मात्र कुठेच तयार मिळत नाहीत. म्हणून एका हौशी माणसाकडून जुन्या अमेरिकन मालडब्यांची एक पिशवी विकत घेतली. १:१६० चे, कुणाचे कपलिंग तुटलेले, कुणाचं छप्पर गायब. वरचं सगळं काढून टाकलं आणि बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे संच, तेवढ्या ठेवल्या. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियर साहेबाने १८९७ साली ही लाइन सुरू केली तेव्हा एक शहाणपण केलं होतं. मालाच्या सगळ्या वाघिणी एकाच मापाच्या सांगाड्यावर, २५ फूट लांब नि ७ फूट रुंद, आणि सांगाडा दाबलेल्या पोलादी पत्र्याचा. डबा हलका, माल जास्त, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. माझ्या हिशोबात हा सांगाडा पावणेनऊ सेंटीमीटरचा होतो आणि त्या अमेरिकन बोग्या त्याखाली नीट बसतात. एक सांगाडा जमला की सगळे जमले. साहेबाचे त्याबद्दल वेगळे आभार.

इथवर माझं मी पुस्तकी ज्ञानावर आले होते. पुढचं सगळं तुमचं.

पहिल्यांदा प्लाय बघायला आलात तेव्हा तुम्ही बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग चष्मा वर करून एकच विचारलंत, "महिना कुठला?"

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उभी हयात काढलेला माणूस इंजिनाचा नंबर विचारेल, ब्रेकचं विचारेल, अशी माझी तयारी होती. महिना! तुम्ही समजावलंत की आषाढ असेल तर टपावरसुद्धा माणसं पाहिजेत, पंढरपूरची गाडी रिकामी दिसून चालायची नाही, आणि रानही हिरवं पाहिजे. फाल्गुन असेल तर ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या गंज्या लागलेल्या, कडुनिंबाची पानं झडलेली. शेकडो वारकरी रंगवायची माझी ऐपत नव्हती, म्हणून फाल्गुन. त्या एका प्रश्नानं पुढच्या निम्म्या गोष्टी ठरून गेल्या. कोणता रंग, किती धूळ, झाडावर किती पान, सावलीत कोण बसलंय.

गंज्या काकूंच्या जुन्या काथ्याच्या पायपुसण्यातून निघाल्या. उभी ज्वारी सात-आठ फूट, म्हणजे माझ्याकडे अडीच-पावणेतीन सेंटीमीटर. काथ्याचे तेवढे तुकडे करून दोऱ्याने पेंढ्या बांधल्या आणि तुम्ही त्या उलट्या लावायला लावल्यात, बुडखे बाहेर. फोटोत आधी तेच दिसतं. बाभळींसाठी मोटार वाइंडिंगवाल्याकडची जळकी तांब्याची तार तुम्ही आणून दिलीत. दहा-बारा पदर एकत्र पिळायचे, वर जाताना दोन-दोन, एक-एक सोडत फांद्या करायच्या, फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून साल चढवायची. पाला अगदी विरळ. बाभळीतून पलीकडचं दिसलं पाहिजे, हा तुमचा हट्ट आणि तो बरोबर होता.

जमिनीला खरी काळी माती, मलमलच्या फडक्यातून चाळलेली. पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून थापली की वाळताना आपोआप भेगाळते. थर जितका पातळ तितकी भेग बारीक, त्यामुळे १:८७ ची भेगसुद्धा मिळते, फुकटात. रुळांखालच्या खडीसाठी वाळू चहाच्या गाळणीतून काढली, तेव्हा तुम्ही खिशातून लोहचुंबक काढलंत. आपली वाळू काळ्या दगडाची, तिच्यात लोखंडाचे कण. ते इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला जाऊन चिकटले की मोटार गेली. चुंबक फिरवल्यावर त्याला ही मोठी काळी मिशी फुटली! परदेशी सल्ल्यांमध्ये हे ओझरतं असतं. आपल्याकडे ते पहिलं काम.

आणि वाघिणी. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा पत्रा, वाळलेल्या रिफिलच्या टोकाने मागून टोचून काढलेले रिव्हेट. पत्रा काटकोनात मोडावा म्हणून तुम्ही सागाच्या तुकड्यात करवतीने खाच पाडून दिलीत. साधी खाच, पण तिच्यामुळे सगळ्या वाघिणींच्या कडा एकसारख्या आल्या. रिव्हेटच्या प्रत्येक ओळीला तुम्ही विचारत होतात, "इथे सांधा आहे का? मग रिव्हेट कशाला?" रंगाच्या वेळी तर तुम्ही माझ्या हातातून ब्रशच घेतलात. दाराच्या कडीपाशी रंग उडालेला, कारण तिथे हात लागतो. आसाच्या पेटीखाली तेलाचा ओघळ. खाली गंज, वर धूळ. एक वाघीण मी चकचकीत ठेवणार म्हटल्यावर तुमचं उत्तर तयार होतं. ठेव की, पण मग ती नुकती पीओएच (ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती) होऊन आलीय, अंगावर तारीख रंगव. एवढ्याशा आकारात तारीख कसली, पांढरी रेघ दिसते. पण तुम्हाला आणि मला माहीत आहे ती तारीख आहे.

बघायला येणारे हमखास विचारतात, बोगदा कुठाय? पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आलेल्यांना डोंगर-पूल-झगमगाट हवा असतो, आणि ते संग्रहालय आहेच तसं देखणं. पण सपाट रानात गोल वळण लपवायचं कुठे, ही खरी अडचण. डोंगर असता तर त्यात घुसवलं असतं. तुम्ही एका टोकाला बाभळवन आणि दुसऱ्या टोकाला मागची बाजू दाखवणारी घरं सुचवलीत, वाळत घातलेल्या गोधड्यांसकट. गाडी गोधड्यांमागे जाते आणि बाभळीतून येते. लहान मुलं तिथेच ठाण मांडून बसतात.

हीच बार्शी लाइट, म्हणजे मिरज–लातूर लाइन, आता ब्रॉडगेज झाली. गावाकडच्या लोकांची त्यात सोय झाली, तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. तुमचीही नव्हती. तुम्ही फक्त एकदा माझ्या फलाटाच्या कडेला बोट टेकवून म्हणालात, "उंच झालाय. बाई लुगडं सावरून चढायची, एवढा सोपा नव्हता." आणि मी तो दोन मिलिमीटर तासला.

अजून बार्शीचं इंजिन बाकी आहे. लीड्सच्या किटसन कंपनीचं पहिलं इंजिन करायचंय, जोडलेली आठ चाकं आणि मागे चार. आठ चाकं एका रेषेत ठेवून घरातलं वळण कसं घ्यायचं, हे मला कळत नाहीये. मधल्या चाकांच्या कडा घासून काढू की आसाला आडवी ढिलाई देऊ? ढिलाई असं माझं मत आहे, तुम्ही कानस काढाल अशी भीती आहे.

तेव्हा रविवारी दुपारचं जेवण इकडेच. मापाचा व्हर्नियर कॅलिपर आणा, माझा पुढे-मागे दाखवतोय. आणि काकूंना सांगा, पायपुसणं आता परत मिळणार नाही, नवीन आणून ठेवलंय.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची शेजारीण,
सोलापूर