भुऱ्याने वाळूत उकरलेले खड्डे

हॅनोव्हर,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना सुमीचा साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं मला जमलं नसतं. आपल्या भुऱ्या बोक्याचं नाव निघालं की तुम्ही विषय बदलता आणि आई मागून "जेवलीस का" विचारते. म्हणून कागदावर लिहिते आहे. सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

माझ्या इथल्या बोक्याचं, तांबूचं, आजारपण मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. "लघवीचा त्रास झाला, आता बरा आहे" एवढंच. खरं म्हणजे त्या रात्री तो जाता जाता राहिला.

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार होता. संध्याकाळपासून तांबू त्याच्या वाळूच्या पेटीत जाऊन बसत होता, उठत होता, कोपरा बदलून पुन्हा बसत होता. तासाभरात सात वेळा गेला. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. मग तो पेटीबाहेर फरशीवर बसला, अंग पुढे ताणलं आणि ओरडला. भुकेला ओरडतो तसा नाही, वेगळाच आवाज होता. मी पेटीतली वाळू हाताने चाचपली. सगळी कोरडी. आणि बाबा, त्याच क्षणी मला आपल्या अंगणातली वाळू दिसली.

२००६चा मे महिना. वरच्या मजल्याचं काम चाललं होतं आणि वाळूचा ढीग पार हौदापर्यंत आला होता. भुऱ्या ढिगावर खड्डा उकरायचा, बसायचा, उठायचा, दोन पावलं पुढे जाऊन दुसरा उकरायचा. सातवीची परीक्षा संपवून मी घरीच होते, दुसरा उद्योग नव्हता. मी ते खड्डे मोजले होते. अकरा. एकही ओला नव्हता. आजी म्हणाली, कोठा जड झालाय. तिने चमचाभर एरंडेल पाजलं, वर कोमट दूध दिलं. दुसऱ्या दिवशी तो ओकला, हौदामागच्या गार फरशीवर जाऊन पडला आणि तिथून हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेलेला होता. तोंडाशी फेस होता. तुम्ही म्हणालात, विष. विष कोणी घातलं हे कोणी विचारलंच नाही, कारण आठवडाभर आधी पलीकडच्या काकांनी कुंपणावरून बजावलं होतं की बोक्याने आमची पिल्लं खाल्ली, एक दिवस त्याला औषधच घालतो.

तांबूला टोपलीत घालून मी टॅक्सीने रात्रीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नुसता हात लावला आणि म्हणाल्या, मूत्राशय दगडासारखं झालंय, लघवी पूर्ण अडकली आहे. लहान मोसंबीएवढं ते माझ्याही बोटांना लागलं. बोक्याची लघवीची नळी टोकाकडे फार अरुंद असते. मांजरीला असा त्रास झाला तर बहुतेक वेळा थोडी थोडी होत तरी राहते, बोक्याची पार बंद होऊ शकते. मग लघवीवाटे जायचं ते सगळं रक्तात साठतं. त्यातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मांजर ओकतं, अंग गार पडतं, आणि दोन-तीन दिवसांत जातं.

ओकणं, अंग गार पडणं, दोन-तीन दिवस. हे ऐकताना माझ्यासमोर तांबू नव्हताच.

त्यांनी सलाईन लावलं, हृदयाचा आलेख काढला, गुंगी देऊन जेमतेम एक मिलिमीटर जाडीची नळी आत घातली. पहिली लघवी गढूळ लाल होती. ती त्यांनी लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मलाही दाखवली. शवपेटीचं झाकण असावं तशा आकाराचे काचेसारखे कण, असंख्य. त्यांना स्ट्रुवाइट म्हणतात. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून ते बनतात. एक्स-रेमध्ये मोठा खडा नव्हता. हे कण आणि सुजेमुळे सुटलेला चिकट पदार्थ यांची गुठळी होऊन नळीत बसली होती.

तीन दिवस तो तिथे होता. इथे जर्मनीत जनावरांच्या डॉक्टरांचे दर सरकारी नियमाने ठरतात. रात्री किंवा रविवारी नेलं तर पन्नास युरो वेगळे आणि बाकीची फी चौपटीपर्यंत लावता येते. माझं महिन्याचं घरभाडं त्यात गेलं. पैशांची काळजी करू नका, मी निभावलं. हे एवढ्यासाठीच सांगते की जानेवारीत पैसे कमी का पाठवले ते तुम्हाला कळावं.

बाबा, २०१४ साली तुम्हाला मूतखडा झाला होता, त्यामुळे ती कळ काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. पण तुमचा खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा होता आणि तांबूचे कण स्ट्रुवाइटचे. या दोन्हींत फार अंतर आहे. ऑक्झॅलेट खाण्याने विरघळत नाही, तो काढावा लागतो किंवा पडावा लागतो. स्ट्रुवाइट मात्र लघवी थोडी आम्ल आणि पातळ झाली की विरघळतं, अगदी तयार झालेला खडासुद्धा काही आठवड्यांत. म्हणून कण कसले हे आधी बघायचं आणि मगच खाणं ठरवायचं.

आता आम्ही दोघं रोज काय करतो ते लिहिते.

मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. त्यांना तहान कमी लागते आणि त्यांची लघवी मुळातच दाट. उंदीर खाल्ला तरी त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे शिकारीतूनच त्यांचं पाणी भागायचं. आणि आपण त्यांना देतो कोरडे दाणे. पाच किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण अडीचशे मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातलं धरून. साठ ग्रॅम दाण्यांत पाच-सहा मिलिलिटर असतं. तेवढंच पोट भरणाऱ्या अडीचशे ग्रॅम ओल्या खाण्यात दोनशे. तांबू दोन वर्षं दाण्यांवर होता आणि वाटीतलं पाणी पिताना मी त्याला क्वचितच पाहिलं होतं. हा हिशेब मी कागदावर मांडला आणि मला रडू आलं. इतकी साधी गोष्ट होती.

डॉक्टरांनी औषधी खाणं लिहून दिलं. त्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून असतं आणि लघवी किंचित आम्ल राहते. अट एकच, त्याच्याशिवाय काहीही द्यायचं नाही. पण दाण्यांवर वाढलेला बोका ओलं खाणं तोंडात घेईना. पहिले दोन दिवस वास घेऊन पेटी झाकतो तसं पंजाने झाकायचा. उपाशी ठेवून वळवावं असं कुणीही सुचवेल, पण मांजराला, त्यातही वजनदार मांजराला, दोन-तीन दिवस उपाशी ठेवलं तर यकृतात चरबी साठून ते वेगळंच आजारी पडतं. मग मी त्याच औषधी खाण्याचे दाणे आणले, कुटून त्यांची पूड केली आणि ओल्या खाण्यावर भुरभुरली, आई भाजीवर शेंगदाण्याचं कूट घालते तशी. खाणं आधी कोमट पाण्यात पाकीट धरून गरम करायचं, अंगाच्या उबेइतकंच. फ्रीजमधलं गार खाणं त्याला चालतच नाही. नवव्या दिवशी त्याने बशी चाटून पुसली. मग रोज पूड थोडी कमी आणि पाणी एक चमचा जास्त. आता तो जवळजवळ आमटीच खातो.

पाण्याच्या तीन वाट्या तीन ठिकाणी, रुंद तोंडाच्या, खाण्यापासून आणि पेटीपासून लांब. मिशा कडेला घासल्या तर त्याला आवडत नाही. खिडकीतल्या वाटीतलं पाणी सगळ्यात जास्त संपतं, का ते मला अजून उमगलेलं नाही.

चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. कण एकही नाही. लघवीची घनता १.०५५ होती ती १.०२८ झाली, पीएच साडेसातवरून ६.४, म्हणजे लघवी पातळ आणि थोडी आम्ल झाली. पण आकड्यांआधी मला वाळूनेच सांगितलं होतं. पेटीतली वाळू ओली झाली की तिचा गोळा होतो. पूर्वी ते सुपारीएवढे असायचे, आता मुठीएवढे असतात. रोज सकाळी मी ते मोजते. कामावर उशीर झाला तरी मोजते.

आता सोन्याबद्दल. परवा दादाच्या चिऊने व्हिडिओवर त्याचा वाडगा दाखवला, दिवसभर दाण्यांनी भरलेला. एक वर्षाचा बोका, घरात बसून गुबगुबीत झालेला. दादाला सांगा, लगेच सगळं बदलायचं नाही आणि मनाने औषधी खाणंही आणायचं नाही. त्याला काही झालेलं नाही. लघवीत चार कण दिसले म्हणूनही लगेच घाबरायचं नसतं, आणि तरुण मांजरांचा लघवीचा त्रास पुष्कळदा कणांशिवायच, नुसत्या ताणाने आलेल्या सुजेने होतो. घरात पाहुणे, रंगकाम, नवीन कुत्रा, एवढंही पुरतं. पण दाण्यांचा भाग हळूहळू कमी करून ओलं खाणं सुरू करा. कोंबडी शिजवलेलं पाणी चालेल, मात्र मीठ, कांदा, लसूण पडायच्या आधी काढून ठेवलेलं. कांदा-लसूण मांजराला विषच आहे. सुकट नको, मीठ आणि खनिजं दोन्ही भरपूर. दूध म्हणजे पाणी नव्हे, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. आणि आई, तू कुळथाचं पाणी काढशील हे मला माहीत आहे, बाबांसाठी काढायचीस तसं. सोन्याला देऊ नकोस. लिंबू, व्हिनेगर असलंही काही नको. लघवी गरजेपेक्षा आम्ल झाली तर ऑक्झॅलेटचा धोका वाढतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१पासून जनावरांचे मूतखडे तपासणारं केंद्र आहे. मांजरांच्या खाण्यातलं मॅग्नेशियम घटवून ते आम्ल केल्यावर स्ट्रुवाइट कमी झालं आणि ऑक्झॅलेट वाढलं, हे तिथल्या खड्यांच्या नोंदींतच दिसलं. म्हणून जे काही कराल ते तपासून. आणि दुखतंय म्हणून माणसाची गोळी कधीच नाही. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

आपल्याला शिरवळ जवळ आहे. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की फार वेळ लागत नाही, आणि तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दादाने एकदा आधीच फोन करून विचारून ठेवावं की मांजराला नळी घालायची वेळ आली तर कुठे आणायचं, आणि रात्री कोण बघतं. वाईतल्या डॉक्टरांनाही हेच विचारावं. नंबर फ्रीजवर चिकटवा. लघवी तपासायला न्याल तर ताजी न्या. फ्रीजमध्ये ठेवली तर गारठ्याने नसलेले कणही त्यात तयार होतात.

बाबा, आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

भुऱ्याला नेमकं काय झालं, कण होते की नुसती गुठळी, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. पण विष घातलेलं मांजर असे कोरडे खड्डे उकरत बसत नाही. ते खड्डे मी पाहिले होते, तुम्ही कामावर होतात. मी तेव्हा तुम्हाला सांगितलं असतं तरी आपल्यापैकी कुणाला त्याचा अर्थ कळला नसता. आजीचंही काही चुकलं नाही, तिने तिच्या माहितीतलं सगळं केलं. रात्रभर ती त्याच्याजवळ बसून होती. पण त्या दिवसापासून काकांच्या घरी आपण कुणी पाऊल टाकलं नाही. त्यांच्या मुलीबरोबर मी पहिलीपासून शाळेत जायचे, जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही दोघी रस्त्याच्या दोन कडांनी गेलो. तिच्या लग्नाची पत्रिका आली होती, ती आईने कपाटात ठेवली आणि आपण गेलो नाही. काका ओरडले होते हे खरं. त्यांची पिल्लं गेली होती, रागाने बोलले. केलं काही नसावं, असं मला आता मनापासून वाटतं.

आई म्हणाली, त्यांचे गुडघे गेलेत आणि ते ओट्यावरच बसून असतात. तुम्ही संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा त्यांच्या दारावरूनच जाता. हे पत्र त्यांना द्यायचं असेल तर द्या, वाचून दाखवायचं असेल तर दाखवा. त्यांच्या मुलीचा नंबर मिळाला तर मला पाठवा, तिला मी स्वतः लिहीन.

तांबू आत्ता माझ्या पायावर झोपलाय. बाहेर बर्फाचा पाऊस आहे. एप्रिलमध्ये येते.

तुमची,
सुमी

ता. क. चिऊसाठी: सोन्या अंगणातल्या वाळूत गेला की लांबून बघायचं. एक खड्डा उकरला आणि ओला करून झाकला तर ठीक. तीन कोरडे दिसले तर रात्र असली तरी बाबाला उठवायचं, सकाळची वाट बघायची नाही.