वॉकर नको, पांगुळगाडा

महोदय,

वॉकरमध्ये बसवले की बाळ लवकर चालते, हा गैरसमज आहे. त्यात मूल चवड्यांवर रेटत जाते, तोल सांभाळावाच लागत नाही. शिवाय जिन्यापाशी क्षणात पोचते. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा, पण मूल धरून उभे राहू लागल्यावरच. हलका गाडा पुढे सटकतो नि मूल तोंडावर आपटते. म्हणून खालच्या दांडीला दोनेक किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधावी. पाय अनवाणी, मोठे माणूस हाताशी.

गाडा भिंतीला अडला की आजी-आजोबा लगेच वळवून देतात. तसे करू नये! ‘अडला? मागे घे,’ म्हणून पाचेक सेकंद थांबावे. ‘मागे’चा अर्थ मुलाला तिथेच कळतो.

– एक वाचक, सातारा