पिस्टन पुन्हा चिकटला तर बोअरची घाई नको

महोदय,

शर्यतीसाठी पोर्ट (सिलिंडरमधली वायू येण्याजाण्याची छिद्रे) कोरून, हेड घासून बांधलेली आरएक्स 100 सारखी टू-स्ट्रोक इंजिने कोल्हापुरात आजही पळतात. त्यातले एखादे चिकटले, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, की बोअर करून (सिलिंडर आतून मोठा कोरून) ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, दोन शर्यतींनंतर पुन्हा तेच. यात सिलिंडर फुकट संपतो आणि मूळ कारण जागेवरच राहते.

चिकटलेला पिस्टन फेकू नये, धुऊही नये. पिस्टनच्या परिघावर चार ठिकाणी सारखे उभे ओरखडे असतील तर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी आहे किंवा इंजिन थंड असतानाच ताणले आहे. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला साध्या पिस्टनचे माप देऊन चालत नाही. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर बहुतेक वेळा मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. माथ्याची कड किडे लागल्यासारखी खरबरीत झाली असेल तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा स्फोटासारखा भडका: कॉम्प्रेशन फार किंवा ठिणगीचे टायमिंग पुढे.

लीन दिसले की सगळे जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) बदलायला धावतात. त्याआधी गळती तपासा. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून प्लगच्या भोकातून 6 पीएसआय (टायरच्या हवेचे तेच माप) दाबाने हवा भरा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा. मॅग्नेटोकडचे (वीज तयार करणाऱ्या चाकाकडचे) क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी, हा नेहमीचा गुन्हेगार. तिथून शिरणारी हवा कार्बोरेटरला चुकवून जाते, म्हणून कितीही जेट बदला, इंजिन आज बरे तर उद्या बिघडलेले. क्लचकडचे सील गेले तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. बाहेर बुडबुडा मात्र दिसत नाही, हवा गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा सोडण्याच्या वाटेने) निघते.

गळती नसेल तरच जेटकडे वळा. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेत साधारण 7-8 टक्के जास्त इंधन लागते, त्यामुळे जुन्या वहीतले जेटचे आकडे आता लीन पडतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे. इथे जुळवलेली गाडी घाट उतरून गोव्याला नेली की हवा दाट होते आणि तेच जेट आणखी कमी पडते. भीतीपोटी पेट्रोलमध्ये ऑइल वाढवणेही उलटेच: जेटमधून तेवढे पेट्रोल कमी जाते. सरळ रस्त्याच्या शेवटीच इंजिन धरत असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आणि फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची) पातळी आधी बघावी.

मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे हात उद्यमनगरात गल्लोगल्ली आहेत. तेव्हा इंजिन बांधून देणाऱ्यांना कळकळीची विनंती: बोअर, पिस्टन क्लिअरन्स, सोल्डरची तार दाबून मोजलेला स्क्विश (पिस्टनचा माथा आणि हेड यांतली फट), टायमिंग, मेन जेट आणि हवेच्या चाचणीचा निकाल एका चिठ्ठीवर लिहून इंजिनासोबत द्या. पुढच्या वेळी तेच इंजिन समोर आले की काय बदलले ते पाच मिनिटांत कळेल.

— एक इंजिन मेकॅनिक, कोल्हापूर