बाबा, सायकलच्या ट्यूबची पट्टी सापडली

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, रात्री

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी झाली. रविवारी सकाळी सातला बसले ती दुपारी साडेतीनला उठले. काल आणि आज शिरोलीला कंपनीत नेऊन आणली, स्टेअरिंग पूर्वीसारखं हलकं फिरतंय. रॅक, म्हणजे चाकं वळवणारा स्टेअरिंगचा खालचा भाग, बदलावा लागला नाही. स्टेअरिंग हलकं करणारं तेल पंपाकडून रॅककडे नेणारा प्रेशरचा पाइप तेवढा गेला होता.

बाबा, त्या पाइपावर मला सायकलच्या ट्यूबची पट्टी सापडली. वरून तांब्याची तार, वेढ्याला वेढा लागून, टोक पिळून आत दुमडलेलं. अशी तार आपल्या घरात तुमच्याशिवाय कोण बांधतं? डिकीत गोणपाटाखाली तेलाचा अर्धा डबाही होता. म्हणजे कित्येक महिने तुम्ही नुसतं तेल भरत होता आणि आम्हाला सांगत होता, गाडी मस्त आहे. आई फोनवर म्हणायची, ह्यांचा खांदा रात्री ठणकतो, गाडीत करपल्यासारखा वास येतो. खांदा वयामुळे आणि वास क्लचचा, असं मी धरून चालले. दोन्हीचं मूळ एकाच पाइपात होतं.

गॅरेजवाल्यानं रॅक बदला म्हणून सांगितलं, आकडा ऐकून तुम्ही गप्प बसलात, हे आईनं मला आता सांगितलं. तेल रॅकवरूनच ठिबकत होतं, त्यामुळे त्याला तसं वाटलंही असेल. पण आमच्याकडं कंपनीत प्रेस मशीनवर हे रोजचं आहे : तेल टपकतं एकीकडं, गळतं दुसरीकडं. मी सगळा भाग पुसून कोरडा केला, इंजिन चालू केलं आणि शेजारच्या अकरावीतल्या मुलाला स्टेअरिंग फिरवायला बसवलं. दोन मिनिटांत दिसलं. रबरी होज जिथं लोखंडी नळीला दाबून बसवलेला असतो, त्या कडेला लाल थेंब फुगायचा, नळीवरून घसरत खाली रॅकपर्यंत जायचा आणि तिथून जमिनीवर पडायचा. चौदा वर्षांच्या उष्णतेनं रबर वाळून कडक झालं होतं, बोटानं दाबलं तर दबत नव्हतं.

तिथं पट्टी का टिकत नाही ते सांगते. टायरात आपण तीसेक पौंड हवा भरतो. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं की या पाइपातला दाब हजार पौंडांच्या वर जातो. गळती कुठं आहे हे तुम्ही बोटानं चाचपत होता, असं आई म्हणाली. बाबा, यापुढं कधीच नको. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भोसकून आत जाते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून हात सडू शकतो, लगेच ऑपरेशन करावं लागतं. आम्ही पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरून बघतो. आणि तो करपल्याचा वास म्हणजे तेल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडत होतं. त्यानं पेट घेतला असता. रात्रीच्या वेळी मुदाळ तिट्ट्याच्या पुढं तुम्ही दोघं आत आणि बॉनेटखाली आग, हे डोळ्यांसमोर आलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

उद्यमनगरात जुन्या टोकांवर नवा होज दाबून मिळतो, स्वस्तही पडतो. पण साधा होज चालत नाही, त्या तेलाला आणि उष्णतेला टिकणाराच लागतो. म्हणून आठ दिवस थांबून याच गाडीचा पाइप मागवला.

रॅककडचं नट सोडवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, तरी हलेना. साधा पाना लावला असता तर नटाचे कोपरे गोल झाले असते. आमच्या मेंटेनन्सच्या दादांनी पाइपाच्या नटाचा खास पाना दिला होता, तो नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरतो. त्यानं ‘टक्’ आवाज झाला आणि नट सुटलं. बसवताना आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवले, मगच पाना लावला. आटे वाकडे बसले असते तर खरोखरच रॅक बदलावा लागला असता. पंपाकडच्या बोल्टला दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात, ते नवेच घालायचे. जुन्यातला एक पंपालाच चिकटून बसला होता, काळा पडल्यामुळे दिसतच नव्हता. हातात एकच वायसर आला म्हणून शोधला, नाहीतर नवा त्याच्यावरच बसला असता आणि पुन्हा गळती.

मग हवा काढायची. पुढची चाकं उचलून खाली स्टँड लावले आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा सावकाश फिरवलं. मी पंपाच्या तेलाच्या बाटलीत तेल भरत राहिले. पहिल्यांदा इंजिन लावलं तेव्हा पंप घुमला आणि ताकासारखा फेस वर आला. लगेच बंद करून तासभर तसंच ठेवलं. दुसऱ्या वेळी आवाज गेला. जुनं तेल कॅनमध्ये भरलंय, कंपनीत वापरलेलं तेल न्यायला माणूस येतो त्याला देईन. इथं गटारात ओतलं की नाल्यातून पंचगंगेतच जाणार.

पाइप, तेल, वायसर सगळं माझ्याकडून. पेन्शनमधून द्यायचा विषय काढू नका. मला तुमच्याकडून एकच हवंय. गाडीत असो नाहीतर तुमच्या अंगात, काही बिघडलं की मला पहिल्या दिवशी सांगा. मी तुमचीच मुलगी आहे, पाना तुम्हीच हातात दिलात. माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे? स्टेअरिंग हलकं झालं तरी खांदा डॉक्टरांना दाखवायचाच आहे.

वळवताना स्टेअरिंग टोकाला दाबून धरून ठेवू नका, टोकाला गेलं की जरा सैल सोडा.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन गारगोटीला येते. डिकीत एक पांढरा पुठ्ठा आहे. आई, रात्री तो इंजिनाखाली सरकव आणि सकाळी लाल डाग पडलाय का ते तू स्वतः बघून मला फोन कर. बाबांना विचारून सांगू नकोस.

तुमची,
ताई