नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: नाल्याच्या भिंतीचे पैसे वळवले, आता बागेचे आरक्षणही उठवणार का?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नाल्याकाठच्या बागेचे आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव, त्यावर झालेली सुनावणी आणि नाल्याच्या संरक्षक भिंतीचा दुसरीकडे वळवलेला निधी

महोदय,

सविनय नमस्कार. आपण कामात असता याची जाणीव आहे. तरीही हे पत्र शेवटपर्यंत वाचावे ही विनंती, कारण ज्या प्रस्तावाबद्दल लिहीत आहे त्यावरची शेवटची सही आपल्या खात्याची असणार आहे.

गेल्या मंगळवारी आमच्या महापालिकेच्या नगररचना विभागात नगररचना कायद्याच्या कलम 37 खालच्या, म्हणजे विकास आराखड्यातल्या फेरबदलाची सुनावणी झाली. आमच्या सोसायटीमागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे विकास आराखड्यात बागेसाठी राखलेला मोकळा भूखंड. तो रहिवास विभागात घ्यायचे चालले आहे. सुनावणीची वेळ सकाळी अकराची होती. साहेब आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. हरकत घेणारे बहुतेक बायका आणि पेन्शनर, सगळे जिन्यात उभे. बसायला एक बाक, त्यावर फायलींचे गठ्ठे. माझे नाव पुकारल्यावर मी आत गेले. पाणी कुठवर चढले होते त्याचे फोटो काढून नेले होते, नाल्याचा नकाशा नेला होता. साहेबांनी फोटोंना हातही लावला नाही. "लेखी दिलंय ना? मग झालं. नोंद घेतली. पुढचे."

बाहेर आल्यावर तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला सांगितले, "मॅडम, तुम्ही उगाच त्रास करून घेताय. प्रस्ताव मंत्रालयात जाणार आहे, मंजुरी तिथूनच येते." म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

त्या भूखंडावर आजवर बाग झालेली नाही. गवत, बाभळी आणि चार-दोन म्हशी. पण पावसाळ्यात नाला भरला की पाणी आधी तिकडे पसरते. ती जमीन आमच्या बाजूपेक्षा खोलगट आहे. तिथे भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या की तेच पाणी कुठे जाणार हे सांगायला अभियंता लागत नाही. ते माझ्या घरात येणार. कारण भूखंड मोकळा असतानाही ते माझ्या घरात आलेच होते.

मी तळमजल्यावर राहते आणि घरातच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, साड्यांना गोंडे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आधी न्हाणीच्या जाळीतून काळे पाणी वर आले, मग दाराखालून. दिवे गेलेले. सासूबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, त्यांना उठून बसताही येत नव्हते. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गुडघाभर पाण्यातून जिन्याने वर नेले. त्या कळवळत होत्या आणि मला सारखे सांगत होत्या, "आधी गिऱ्हाइकांच्या साड्या उचल गं." मला जमेल तेवढ्या मी उचलल्या. कपाटाच्या खालच्या दोन खणांतल्या राहिल्या.

नाल्याचे पाणी म्हणजे नुसते पाणी नसते साहेब, त्यात अख्ख्या वस्तीचा मैला असतो. त्या साड्या धुतल्या, ड्रायक्लीनिंगला दिल्या, वास गेला नाही. एका बाईंची त्यांच्या आईची पैठणी होती, मुलीच्या लग्नात नेसायची म्हणून ब्लाउज शिवायला दिलेली. तिची भरपाई पैशांत कशी होणार? बाकीच्यांचे पैसे मी हप्त्याहप्त्याने फेडले, अजून फेडते आहे. दोन्ही मशीनच्या मोटारी जळल्या. ऐन लग्नसराईतले काम गेले आणि बरीचशी गिऱ्हाइके परत आलीच नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

पंचनामा झाला. मदत मिळाली नाही. कपडे आणि भांड्यांसाठीच्या मदतीचा निकष असा की घर वाहून गेलेले तरी हवे, पडलेले तरी हवे, नाहीतर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली तरी हवे. माझ्या घरातले पाणी सकाळी ओसरले होते. म्हणजे आम्ही रात्रभर झाडूने आणि बादल्यांनी पाणी काढले, हेच आमच्या विरोधात गेले.

आता त्या नाल्याच्या भिंतीबद्दल. भिंत पावसाळ्याआधी होईल असे प्रभाग कार्यालयातल्या बैठकीत आम्हाला सगळ्यांसमोर सांगितले होते. अंदाजपत्रकात तरतूदही होती. मी ते पुस्तक स्वतः पाहिले आहे, आमच्या नाल्याचे नाव त्यात छापलेले होते. वर्षअखेरीस चौकशीला गेले तर कळले की रकमेचे वर्गीकरण झाले. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणे म्हणजे वर्गीकरण. आमच्या भिंतीचे पैसे चौकातल्या स्वागतकमानीला आणि दुभाजकाच्या सुशोभीकरणाला गेले. ती कमान मी रोज पाहते. तिच्यावर रात्री रंगीत दिवे लागतात.

वर्गीकरण कायद्यात बसते, हे मला मान्य आहे. पण ते कुणाला विचारून झाले? तेव्हा निवडून आलेल्या नगरसेवकांचे सभागृहच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक. आयुक्त म्हणून प्रस्ताव त्यांचाच, स्थायी समिती म्हणून शिफारस त्यांचीच आणि सर्वसाधारण सभा म्हणून मंजुरीही त्यांचीच. विरोधात हात वर करायला खोलीत दुसरे कुणी नव्हते. हे आमच्या एकट्या शहराचे नव्हते. मुंबई महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74 हजार 427 कोटी रुपयांचे होते. एवढ्या पैशाचा हिशेब एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मांडला गेला आणि मंजूरही झाला.

आणि हे प्रशासक किती दिवस होते? राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून लागू आहे, स्पष्ट सांगितले आहे की पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) यांची मुदत 2020 मध्ये संपली. मुंबई आणि पुण्याची मार्च 2022 मध्ये. मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी. तेही 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावल्यावर आणि ती मुदतही उलटून नवी मिळाल्यावर. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, कोविड होता, हे सगळे मला ठाऊक आहे. पण त्याच काळात अध्यादेश काढायला सरकारांना कसलीच अडचण आली नाही. मुंबईचे नगरसेवक 227 चे 236 केले, सरकार बदलल्यावर पुन्हा 227 केले. इतर शहरांत तीन जणांचा प्रभाग करायचे ठरले, मग तेही फिरवले. प्रभाग कसा कापायचा याची घाई सगळ्यांना होती. त्या प्रभागातल्या नाल्याला भिंत कधी बांधायची याची घाई कुणालाच नव्हती, तुमच्या पक्षाला नाही आणि तुमच्या विरोधकांनाही नाही.

आता सभागृह आले आहे. आमच्या नगरसेवकांना मी फोन केला. ते नम्रपणे बोलले. म्हणाले, ताई, आराखड्यातला फेरबदल शासनाच्या हातात, निधीही शासनाकडूनच येतो, आम्ही पत्र देऊ शकतो. ते खोटे बोलत नव्हते, आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि जकातीच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. तेव्हापासून महापालिकांची मोठी कमाई म्हणजे राज्याकडून येणारी भरपाई. बांधकामाची नियमावलीसुद्धा मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्यासाठी एकच, डिसेंबर 2020 पासून, आणि ती बदलणार मंत्रालय. आमच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर असतो. तो गोळा करते महापालिका आणि जमा होतो राज्याच्या तिजोरीत. बिल थकले तर महिन्याला दोन टक्के शास्ती मात्र आम्हाला. ज्या वर्षी घरात मैला आला त्या वर्षीही मी घरपट्टी मुदतीत भरली आहे. त्यात मलनिस्सारणाचा करही होता.

मग त्या सभागृहात बसून नगरसेवकांनी करायचे काय? कमानींवर नावे टाकायची?

बागेचे आरक्षण का उठते तेही लिहिते, कारण हे खेळ शहरोशहरी चालू आहेत. आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण संपते. पालिका म्हणते भूसंपादनाला पैसे नाहीत. पैसे नाहीत म्हणून बाग नाही, बाग नाही म्हणून आरक्षण नको, आरक्षण नको म्हणून फेरबदल, आणि मग वरातीमागून घोडे यावे तशी आमची सुनावणी. 2019 च्या सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरात माणसे मेली. 2023 च्या सप्टेंबरात नागपुरात नाग नदीचे पाणी अंबाझरीच्या वस्त्यांत घुसले. दर वेळी पाहणी दौरा झाला, नाल्यांवरची अतिक्रमणे काढू अशी भाषणे झाली. आणि आमच्या शहरात नाल्याला पसरायला उरलेली शेवटची जागा सरकारी सहीने बांधकामाला देण्याची तयारी चालू आहे.

लोकांना विचारून कारभार करायचा असेल तर त्याच्या तरतुदी आहेत, नव्या शोधायला नकोत. महापालिका कायद्यात 2009 साली क्षेत्रसभा, म्हणजे एकेका भागातल्या मतदारांच्या सभा, आल्या. केंद्राचा नागरी निधी हवा होता म्हणून तेव्हा तो कायदा केला. निधी आला. क्षेत्रसभा आमच्या भागात मी आजवर पाहिलेली नाही. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी घेता येतात, तिथे पक्षाचे कार्यकर्ते बसवले जातात. पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेते, पाच लाखांपर्यंतची. त्यात पदपथ, बाक, दिवे येतात. ते चांगलेच आहे, मी नाव ठेवत नाही. पण नाल्याची भिंत पाच लाखांत होत नाही. मोठा पैसा कुठे जाणार हे ठरते तेव्हा आम्हाला दाराबाहेर उभे केले जाते.

मुंबईच्या विकास आराखड्याचे 2015 साली काय झाले ते तुमच्या खात्याला आठवत असेल. हजारोंनी हरकती आल्या, मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा मागे घ्यायला लावला आणि नवा करावा लागला. म्हणजे मनात आणले तर हरकती वाचता येतात. मुंबईतल्या वास्तुरचनाकारांच्या आणि संस्थांच्या हरकती वाचल्या जातात आणि आमच्यासारख्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे फोटो टेबलावरून उलटे सरकवले जातात, हा फरक मला मान्य नाही. त्या जिन्यात उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला विचारले, "आपलं ऐकतील का हो?" निवृत्त मास्तर आहेत ते, पूर्ण अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. आत त्यांना माझ्याइतकाही वेळ मिळाला नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. हा फेरबदलाचा प्रस्ताव तुमच्या खात्याकडे येईल तेव्हा तो फेटाळा. फेटाळायचा नसेल तर परत पाठवा आणि सुनावणी नव्याने घ्यायला लावा, नाल्याची पाहणी करून, आमच्या देखत. प्रत्येक हरकत का मान्य किंवा का अमान्य, याचे कारण लेखी द्यायला सांगा. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की निर्णयाची कारणे बाधित लोकांना द्यायची असतात, त्यासाठी आम्ही अर्ज करायचीही गरज नाही. भिंतीचे पैसे याच वर्षी परत आणा आणि निविदा काढा. इथून पुढे राज्यातल्या कुठल्याही महापालिकेत मंजूर कामाचे वर्गीकरण करायचे असेल तर त्याची यादी आधी त्या प्रभागात लावली गेली पाहिजे: कोणत्या कामाचे, किती, कुठे आणि का. असा आदेश काढायला तुम्हाला विधिमंडळात जावे लागत नाही. आणि क्षेत्रसभा घ्यायच्या नसतील तर कायद्यातले ते कलम काढून टाका, म्हणजे आम्ही ते वाचून वाट पाहणार नाही.

तुमच्या कार्यालयाकडून पोच येईल, पत्र "उचित कार्यवाहीसाठी" पुन्हा त्याच महापालिकेकडे जाईल आणि त्याच टेबलावर येईल. तसे करू नका. प्रस्तावावर तुमच्या खात्याचा निर्णय होईल तो कारणांसह मला थेट कळवा. पत्रावर माझा पूर्ण पत्ता दिला आहे. पाऊस जूनमध्ये येतो, उत्तर त्याआधी हवे आहे.

आपली,
नाल्याकाठच्या सोसायटीतली, तळमजल्यावर राहणारी एक करदाती